भाईच्या रक्तात कापसावरचा जंतू

मंडळी, माझा भाई किडनीच्या आजारानं डायलिसिसवर आहे. थंडी-ताप आल्यावर रक्त तपासलं होतं, आज यवतमाळात रिपोर्ट आला.

डॉक्टर म्हणाले, "हा जंतू झाडापानांवर, कापसावर राहतो. रक्तात कसा गेला?"

भाई म्हणाला, "डायलिसिसची सुई काढली की तिथं घरचा कापूस दाबतो. साठ-बासष्ट साली आर्णीत अम्मी आमच्या जखमेवर तोच लावे."

मी म्हटलं, "अम्मी तर जाळून लावे!"

"धुरानं खोकला येते, म्हून मी कच्चाच लावतो."

डॉक्टर म्हणाले, "तिथूनच गेला असेल. आता जळका नको, कच्चाही नको. दवाखान्यातलीच पट्टी."

तवापासून विचार करून राह्यली, अम्मी कापूस जाळे काहून? आम्ही तिले कधी विचारलंच नाही. तुमच्या घरी कोणी विचारलं होतं?