ग्रुपवर निघालेला पहिला अंक

नियतकालिक काढणाऱ्यांकडे लेख साठतात, असा समज आहे. माझ्या मर्यादित अनुभवानुसार आधी किस्से साठतात. लेख मागाहून येतात, आले तर!

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या भूगोल शिक्षकांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात मी एकटीच कंत्राटी. कायम पदाच्या मुलाखतीपूर्वी माझा एक तरी शोधनिबंध छापून येणे आवश्यक होते. म्हणून मीच ग्रुपवर सुचवले, "आपण जर्नल काढूया का?"

पेडण्याच्या गावस सरांचे उत्तर तत्काळ आले. "काढूया. पण कव्हर खाकीच हवं! गेल्या वर्षी पोरांनी प्रॅक्टिकलला उघडी जर्नलं आणली होती."

*

पुढे मी 'जर्नल' हा शब्द कटाक्षाने टाळला आणि लिहिले, "पहिला अंक मार्चमध्ये."

पेडण्यात अंक म्हटले की नाटकाचाच! सरांनी पडद्याची वेळ विचारली, "पडदो कितल्या वरांचेर उगडटा गो?"

त्याखाली आणखी कोणीतरी, "नटी खंयची?"

*

मग भाषेचा वाद. मराठीची बाजू मांडणारे तावातावाने कोंकणीत बोलत होते. कोंकणीवाले अत्यंत शुद्ध मराठीत. 'भाषा नंतर ठरवावी' हा ठराव एकमताने मंजूर झाला. तो इंग्रजीत होता.

*

संपादक मंडळासाठी नावे मागवली. सत्तावीस आली. लेख मागवले. एक आला, तो माझाच!

मयेच्या शेटये मॅडमनी व्हॉइस मेसेज पाठवला, "वऱ्हाड इतलें, आनी न्हवरो एकलोच गो!"

*

संपादिकेने स्वतःचाच निबंध स्वीकारणे प्रशस्त दिसले नसते. म्हणून मी तो गावस सरांकडे सोपवला. लेखिकेचे नाव झाकून त्यांनी तो एका परीक्षकाकडे पाठवायचा आणि परीक्षक कोण, हे मलाही सांगायचे नाही, असे ठरले. सरांनी दोन्ही नियम तंतोतंत पाळले.

निबंधाचा विषय होता मुळगावातल्या, खाणीजवळच्या नऊ विहिरींची उन्हाळ्यातली पाणीपातळी. घरमालकांची नावे मीही झाकली होती. विहिरींना फक्त क्रमांक दिले होते.

मुलाखत शनिवारी होती. परीक्षकाचा अहवाल गुरुवारी आला. खाली अर्थातच सही नव्हती.

"काम काटेकोर आहे. निष्कर्ष पूर्णपणे मान्य. मात्र विहीर क्रमांक चार 'कोरडी' असल्याचे छापण्याची घाई करू नये. रविवारी गिऱ्हाईक घर बघायला येतंय. सोमवारी खुशाल छापा!"