मास्क काढ, मेट

आज जुन्या जॅकेटच्या खिशात सॅनिटायझरच्या वासाचा निळा मास्क सापडला आणि ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातल्या आमच्या घराचं मागचं कुंपण डोळ्यांपुढे आलं.

लॉकडाऊन होता. पलीकडे नव्वदी ओलांडलेला स्टॅन एकटा राहायचा. मी कपडे वाळत घालायला गेलो की तो कुंपणाला चिकटून माझ्या तोंडाकडे टक लावायचा आणि बोटाने खूण करायचा, "टेक इट ऑफ, मेट."

"मास्कविरोधी टोळीतला दिसतोय," मी बायकोला म्हणालो.

"काहीतरीच तुझं. बोलायला कोणी नसेल रे त्याला."

तिला न सांगता मी पोलिसांना फोन केला. ते त्याला समज देऊन गेले. मग स्टॅन कुंपणापाशी येईना. मास्क लावून लांबूनच हात करायचा.

पुढे वडिलांची चौकशी करायला त्याच्या मुलीने आम्हाला फोन केला, तेव्हा सहज सांगितलं, की महायुद्धात तो एका ब्रिटिश रेजिमेंटमध्ये विमानविरोधी तोफांवर होता. त्या आवाजाने कान गेले. तेव्हापासून समोरच्याचे ओठ वाचतो. "विमान आपलं की शत्रूचं हे ओळखल्याशिवाय तोफ डागायची नाही, हे डॅड अजून सांगतो," ती हसून म्हणाली.

त्याच दुपारी मी कुंपणापाशी गेलो, त्याला हात करून जवळ बोलावलं, मास्क खाली केला आणि सावकाश म्हणालो, "सॉरी, स्टॅन."

किती दिवसांनी त्याला कोणाचे तरी ओठ दिसले होते. मास्कवरचे त्याचे डोळे उजळले.

"सॉरी? कशाबद्दल, मेट?"

पोलिसांना मीच बोलावलं होतं हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं का, ही शंका मला अजून येते. तेव्हा मात्र मी मास्क पुन्हा वर ओढला.