आपली गाडी

"मला वजनं न्यायची आहेत, माणसं नाहीत," असं वन्सं एकदा म्हणाल्या होत्या. जेवताना, ताटाकडे बघत. मी ऐकलं, आणि त्यांना भाजी वाढली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, घरही सोडलं नाही. वडिलांमागे त्यांचं काम वन्संकडे आलं: लोकांचे वजनकाटे तपासून द्यायचं. गिरण्या, गोदामं, लोखंडाची दुकानं. वीस वीस किलोची बारा ओतीव वजनं गाडीत घालून त्या सकाळी एकट्याच निघायच्या. प्रत्येक काट्यावर वजन आधी मधोमध ठेवायचं, मग चारही कोपऱ्यांवर. "मध्यावर सगळेच काटे खरं बोलतात," म्हणायच्या. काट्यातला पासंग, म्हणजे खोट, लगेच पकडतात म्हणून गोदामवाले पाठीमागे त्यांना 'पासंगबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं. घरात त्यांचं नाव नुसतं 'ताई' होतं. ताई, जरा येताना हे आण. ताई, जरा आईला तिथं सोड. घरात गाडी चालवणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या नवऱ्याने शिकताना एकदा फाटक पाडलं, तेव्हापासून तो फक्त बाजूला बसून हवेत ब्रेक दाबतो.

पन्नाशी उलटल्यावर वन्संची पाठ गेली, आणि त्याच वर्षी जुनी गाडीही मोडकळीला आली. डॉक्टरांनी बजावलं, गुडघ्याच्या वर ओझं उचलायचं नाही. दुसऱ्या कुणी काम सोडलं असतं. वन्संनी टेप घेऊन स्वतःचा गुडघा मोजला. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.

मग तीन आठवडे त्या एका वहीत लिहीत होत्या. ती वही मी त्यांच्या खोलीत झाडताना पाहिली. गाडी कोणती घ्यावी, यासाठी त्यांनी आधी स्वतःचे दिवस लिहून काढले होते. वजनं किती वेळा चढवली, किती वेळा उतरवली. रस्ता कसा होता. गाडी लावायला जागा किती मिळाली. शेवटचा रकाना होता 'शेजारी कोण'. त्यात एकवीस दिवस, एकाखाली एक, एकच उत्तर होतं: कुणी नाही. आमच्यासाठी मारलेल्या फेऱ्या त्यात नव्हत्या. अक्षर इतकं नीटनेटकं की मला तिथं उभं राहवेना. वही होती तशी ठेवली आणि बाहेर आले.

एकवीस दिवसांतून त्यांची गाडी ठरली. दोन सीटची, मागे बंद खोका, जमीन सपाट आणि गुडघ्याच्या खाली, दारं दोन्ही बाजूंना उघडणारी. दिसायला पावाचा डबा.

"आम्हीही येतो गं," नवरा म्हणाला. "बघायला काय जातंय?"

शोरूममध्ये आम्ही पाच जण शिरलो: वन्संच्या मागे नवरा, सासूबाई, मी आणि आमची मुलगी. टायवाला सेल्समन थेट वन्संसमोर आला. त्यांच्या हातात वही होती ना.

"या. आपली गरज काय?" त्याने अदबीने विचारलं.

'आपली' हा शब्द फसवा आहे. एकाला मान द्यायला म्हणावा, तर शेजारी उभे असलेले सगळे त्यात शिरतात. वन्संनी वही उघडेपर्यंत नवऱ्याने उत्तर देऊन टाकलं.

"आपल्याला सात सीटची बघायचीय."

"मला पाय पसरता आले पाहिजेत," सासूबाई म्हणाल्या.

"एसी मागेपर्यंत येतो का?" मुलगी.

मीही गप्प राहिले नाही. मधल्या रांगेत खिडकी मागितली.

"आणि चालवणार कोण?" सेल्समनने हसून विचारलं. आमची चार बोटं वन्संकडे गेली.

सात सीटची गाडी मधोमधच उभी होती, पांढरी, ओल्या साबणासारखी चकचकीत. वन्संनी डिकी उघडून काठाला टेप लावला. बहात्तर.

"हा काठ उंच आहे," त्या म्हणाल्या. "वर उंबरठाही आहे. वजन दोनदा उचलावं लागेल."

"मॅडम, मागची रांग दुमडली की भरपूर जागा!" सेल्समनने सीट दुमडूनही दाखवली.

"मग मी कुठे बसू?" मुलगी म्हणाली.

त्याने सीट पुन्हा उभी केली.

"अगं, किती दिवस ओढणार आहेस ती लोखंडं?" सासूबाई म्हणाल्या. बोलत बोलत त्या आत चढल्या आणि मधल्या रांगेत टेकल्या. "मला इथं बरं वाटतंय."

"वन्सं, बसून तर बघा," मीच म्हणाले. सीटसारखी सीट, बसायला काय हरकत आहे, असं मला खरंच वाटलं होतं.

त्या स्टीअरिंगमागे बसल्या. आम्ही आपापल्या जागा धरल्या. दारं बंद झाली, चारही, एकामागून एक, आणि बाहेरचा आवाज एकदम तुटला. आत नव्या प्लास्टिकचा वास होता आणि आमचे श्वास.

"ताई, तुला सांगू का," नवरा पुढच्या सीटवर ऐसपैस होत म्हणाला, "ती वजनं देऊन टाक कुणाला तरी. आयुष्यभर ओझी वाहिलीस. आता आराम कर. आम्हाला फिरव."

सासूबाई हसल्या. मुलगी हसली. मीही हसले, कारण तो विनोदच होता.

वन्संनी आरसा सरळ केला. त्यात आम्ही मावलो, मागच्या दोन्ही रांगा. किती वेळ त्या बघत होत्या कोण जाणे. माझी त्यांची नजर आरशात भेटली, तेव्हा मी बाहेर बघितलं. त्या एकवीस ओळी या गाडीत त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होत्या. तोंड उघडायला हीच वेळ होती. मी पर्स मांडीवर नीट ठेवली.

सेल्समनने काचेवर टकटक केली. वन्संनी दार थोडं उघडलं. त्याने फॉर्म पुढे केला, पेनाचं टोपण काढूनच.

"मग, नाव आपलंच टाकायचं ना?"

"आपलंच की!" नवरा म्हणाला. "आणखी कुणाचं?"

वन्संनी फॉर्म घेतला नाही. पेनही नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर होते, ते त्यांनी काढले. वही उचलून काखेत धरली. मग एक पाय खाली ठेवला, पाठीला हात लावला, आणि दुसरा पाय ठेवला.

"ताई, अगं कुठे?" नवऱ्याने विचारलं.

मी माझ्या बाजूचं दार ओढलं. ते आतून उघडेना. मुलांसाठीचं लॉक लावलेलं असावं. मी पुन्हा ओढलं. काचेपलीकडून वन्सं चकचकीत फरशीवरून चालत गेल्या, टेबलाला वळसा घालून, खुर्च्यांच्या मधून, ना भरभर ना सावकाश. त्यांनी काचेचं मोठं दार ढकललं आणि त्या बाहेर पडल्या.