वीतभर विमान

माझा थोरला भाऊ नेव्हीत भरती झाला, तेव्हा आमच्या घरात समुद्र पाहिलेलं एकही माणूस नव्हतं. बाबा जबलपूरला डिफेन्सच्या फॅक्टरीत फिटर होते. नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते त्या काळी ते नोकरीसाठी इकडे आले. पुढे राज्यं नव्यानं आखली गेली, आमचे काका-मामा महाराष्ट्रात गेले आणि आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये होतो तिथेच राहिलो. पाणी म्हटलं की आम्हाला नर्मदा आठवायची, आणि बोट म्हटली की भेडाघाटची, दोन वल्ह्यांची.

दादाला आपल्याच फॅक्टरीत अप्रेंटिस लावायचं बाबांनी ठरवलं होतं. साहेबांशी बोलूनही ठेवलं होतं. दादा परस्पर भरतीला गेला, निवडला गेला आणि मग घरी सांगितलं. बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून दादा सुट्टीवर आला की बाबा त्याला ‘जेवला का?’ आणि ‘गाडी कितीची?’ एवढंच विचारायचे.

दादा विमानांच्या इंजिनांवर काम करायचा, आणि ती विमानं जहाजावर राहायची. हे आईला कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. शेजारच्या भाभींना तिनं एकदा सांगून पाहिलं. भाभी म्हणाल्या, “जहाज पे हवाई जहाज? दीदी, दोनों में से एक ही होगा.” आई घरी येऊन मला म्हणाली, “खरंच गं, काहून ठेवत असतील विमान जहाजावर? आपल्याला फसवून तर नाही राहिला हा?”

एकाहत्तर साली पावसाळा सरता सरता दादा महिनाभराच्या सुट्टीवर आला आणि ट्रंकेतून त्यानं एक चपटा खोका काढला. कुठल्याशा परदेशी बंदरावर घेतलेला. खोक्यावर एका लढाऊ विमानाचं चित्र, खाली निळाकाळा समुद्र. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, आणि त्या चौकटींना कैऱ्यांसारखे लटकलेले तुकडे: अर्धं पोट, पंखाचा तुकडा, ज्वारीच्या दाण्याएवढी चाकं.

“आई, मी ज्याच्यावर काम करतो नं, तेच हे विमान,” तो म्हणाला. “जोडून दाखवतो तुला. मग भाभीला दाखव.”

पहिल्याच दिवशी अडलं. खोक्यातली डिंकाची ट्यूब वाळून खडा झाली होती. कमानिया गेटपाशी दादा दुकानंच्या दुकानं फिरला. लाकडाचा सरस मिळाला, सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन मिळालं. प्लास्टिकला एकही चिकटेना. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, केमिस्ट्री घेऊन. मी चौकटीचा एक तुकडा कॉलेजात नेला आणि आमच्या मॅडमना विचारलं. त्यांनी तो तुकडा क्लोरोफॉर्मच्या थेंबात बुडवला. कडा विरघळून मऊ झाल्या, दुसऱ्या तुकड्याला टेकवल्या तर एकजीव. मॅडमनी हसत छोट्या बाटलीत थोडं दिलं आणि बजावलं, “खिडकी उघडी ठेवायची हं, नाहीतर घरदार झोपेल.”

त्या दिवसापासून मी दादाची जोडीदार झाले. दुपारची कामं आटोपली की आम्ही व्हरांड्यात पाटावर वर्तमानपत्र पसरून बसायचो. दादा दोन अर्धुकं जुळवून धरायचा, मी बारीक कुंचल्यानं सांध्यावर थेंब सोडायची. थेंब आपोआप सांध्यातून धावत जायचा आणि तिथे होती ती रेघ नाहीशी व्हायची. मी केमिस्ट्रीचे एवढे प्रयोग केले, पण ती रेघ पुसली जाताना दर वेळी मी कुंचला हवेतच धरून पाहत राहायची. दोन तुकडे होते. आता एक विमान होतं.

काम करता करता दादा बोलायचा. “या विमानाच्या शेपटीला भोक नाही, पाहिलं? इंजिनाचा गरम झोत दोन्ही कुशींतून निघतो. मी तिथे खांद्यापर्यंत हात घालतो.” पंख मधून दुमडता येत होते. दादानं ते वर उचलले तशी आई भुईमुगाच्या शेंगा सोलायची थांबली. “अगं बाई, हे तर कबुतर झालं,” ती म्हणाली. “जहाजात जागा कमी असते नं,” दादा म्हणाला, “म्हणून पंख मिटून ठेवतात.” आईनं ते मिटलेले पंख कितीतरी वेळ पाहिले. कुठल्या माणसाच्या डोक्यात हे आलं असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली.

नाक जड नसेल तर विमान शेपटीवर बसतं, म्हणून नाकाच्या पोकळीत सायकलचे छर्रे भरले. आणि मग हूक हरवला.

शेपटीखाली लावायचा तो एक वाकडा, कापलेल्या नखाएवढा तुकडा. चिमट्यातून सुटला आणि टण्‌कन उडाला. आम्ही व्हरांडा झाडला, पाट उलटा केला, शेंगांच्या टरफलांतसुद्धा शोधलं. नाही सापडला. मी म्हटलं, “जाऊ दे नं दादा. पोटाखाली असतो, कोणाला दिसून राहिला?”

दादाचा चेहरा उतरला होता. “हूक नसला तर विमान परत येत नाही, छोटी.”

बाबा तेवढ्यात ड्यूटीवरून आले होते. सायकल भिंतीला लावता लावता त्यांनी विचारलं, “म्हणजे कसं?”

एवढ्या वर्षांत बाबांनी दादाच्या कामाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. दादा गडबडला. मग त्यानं सांगितलं की जहाजाच्या पाठीवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. विमान उतरतं ते हूक खाली सोडून. हूक तारेत अडकला तर विमान थांबतं. थांबवायला दुसरं काही नाही, कारण पुढे धावपट्टीच नाही, पाणी आहे.

“आणि नाही अडकला तर?”

“इंजिन पूर्ण जोरात ठेवूनच उतरतात. नाही अडकला तर तसंच पुन्हा उडून जायचं.”

बाबा बूट काढायचेही विसरले. त्यांनी माझ्याकडे हात केला. “तुझी केसातली पिन दे.” आतून छोटी कानस आणली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. अंधार पडेपर्यंत घासत राहिले. मधूनच दादाला विचारत, “टोक असं? की अजून आत?” दादा वाकून पाहायचा. “थोडं आत, बाबा.” दोघांची डोकी त्या इवल्या तारेवर टेकत आली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती आणि मला बोटानं गप्प बसायची खूण करत होती.

बाबांचा हूक बिजागरीसारखा खाली-वर होत होता. खोक्यातला नुसताच चिकटवायचा होता.

राखाडी रंग आम्ही काळा-पांढरा ऑइलपेंट मिसळून केला. विमान पूर्ण झालं तेव्हा वीतभर लांब होतं. बाबांनी ते तळहातावर घेऊन उजेडाकडे फिरवलं आणि विचारलं, “जहाज कितीचं?” दादानं जहाजाची लांबी-रुंदी सांगितली, आणि खरं विमान याच्या बहात्तर पट मोठं असतं हेही. बाबांनी कागदावर हिशेब मांडला, फॅक्टरीची स्टीलची टेप काढली आणि अंगणात खुणा केल्या. आईनं त्या खुणांवरून रांगोळीनं जहाज काढलं: दहा फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. मग दादाच्या सांगण्यावरून मागच्या टोकाला आडव्या तारा, पांढऱ्या रेघा.

भाभी आल्या, समोरच्या क्वार्टरमधले भैया आले. सगळे रांगोळीच्या भोवती उभे. दादानं विमान उचललं, अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, तुळशीच्या वरून, हळूहळू खाली आणलं. बाबांचा हूक लोंबत होता. विमान तारांवर टेकलं आणि दादानं ते हातभर पुढे नेऊन थांबवलं. “बस. इतक्यात थांबायचं.”

ती हातभर जागा सगळे पाहत होते.

“और ये बाकी आँगन?” भाभींनी विचारलं.

“समुंदर,” दादा म्हणाला. “और ये जहाज भी चलता रहता है, भाभी. हिलता रहता है.”

भाभींनी दोन्ही हात गालांवर ठेवले. आईनं मात्र अंगणाच्या कडेपासून कडेपर्यंत नजर फिरवली, मग घरांच्या पलीकडे, जणू पाणी तिथपर्यंत आलंय. “आणि अंधारात?” तिनं विचारलं. “अंधारातही,” दादा म्हणाला.

दादा ऑक्टोबरात परत गेला. डिसेंबरात लढाई पेटली. जबलपूरला ब्लॅकआउट झाला, खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद लावले, बाबांच्या ड्यूट्या लांबल्या. विमान रेडिओवर ठेवलेलं होतं. नेव्हीच्या विमानांनी पूर्वेकडच्या बंदरांवर हल्ले केल्याची बातमी आली तेव्हा आम्ही तिघं त्याच्याकडेच पाहत होतो. दुसरं कुठे पाहणार? गेलेली विमानं परत आली का, हे बातम्यांत लगेच सांगत नसत. बाबा म्हणायचे, “येतील. तारा आहेत नं.” आई आता फक्त दादासाठी नाही, त्या विमानांत बसणाऱ्या पोरांसाठीही देवापुढे उभी राहायची. ती कोण, कुठली, हे तिला ठाऊक नव्हतं. उतरायला किती जागा असते, एवढं ठाऊक होतं.

लढाई संपली. दादाचं चार ओळींचं पत्र आलं: मी मजेत आहे, हात काळे आहेत. पुढच्या उन्हाळ्याआधी जहाजावरच्यांच्या घरच्यांना एक दिवस जहाज पाहायला बोलावलं. गाड्या बदलत, धुळीनं माखून आम्ही त्या बंदराच्या गावी पोचलो. बाबांनी समुद्राकडे ओझरतंच पाहिलं. त्यांची नजर जहाजावर होती. धक्क्याला लागलेलं ते जहाज आमच्या सगळ्या क्वार्टर-लाइनींपेक्षा लांब होतं. त्याच्या बाजूला उभं राहिल्यावर वर बघताना माझी मान दुखली.

अरुंद जिने चढून वर आलो आणि एकदम आभाळ उघडलं. लांबच लांब लोखंडी मैदान, त्यावर वारा, आणि एका कडेला रांगेत उभी राखाडी विमानं. पंख मिटलेले. बाबा सरळ एका विमानाच्या मागे गेले आणि शेपटीखाली वाकले. हूक त्यांच्या हाताएवढा होता. त्यांनी दादाकडे पाहून मान हलवली. दादानंही हलवली.

दादानं आमची एका पायलटशी भेट घालून दिली. मी कुणी धिप्पाड, मिशीवाला कल्पिला होता. हा तर सडपातळ, हनुवटीवर मुरुमं असलेला पोरगा. आईनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “बेटा, डर नहीं लगता?”

तो लाजला. “उतरते वक्त टाइम ही नहीं मिलता, माँजी. बाद में लगता है. चाय पीते-पीते.”

आई हसली नाही. त्याचा हात तिनं लवकर सोडलाही नाही. मग ती थोडी बाजूला झाली आणि पायांतल्या चपला काढल्या. जवळ उभा असलेला एक खलाशी म्हणाला, “चलता है माँजी, पहन लीजिए, लोहा गरम है.” आईनं नको अशी मान हलवली. पदर खोचून ती जहाजाच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकाकडे चालायला लागली, अनवाणी, न थांबता. तिच्या चपला हातात घेऊन मी मागून चालले. वाऱ्यानं तिचे शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते, पण ती काहीतरी पुटपुटत होती, आणि चालताना एकेक पाऊल असं टाकत होती, जसं गाभाऱ्यात टाकतात.