मकरतोंडी कडं

लाखनीच्या हायवेवरून ट्रक गेला की काकाजी हातोडी हवेतच धरून थांबायचे. ट्रक लांब जायचा, कपाटाच्या काचा वाजायच्या थांबायच्या, मगच पुढचा ठोका. चांदीचं काम करणाऱ्या या म्हाताऱ्या सोनाराच्या दुकानाला लागूनच माझं शिलाईचं दुकान. हातोडी अशी थांबलेली मी रोज पाहायची, त्यांचं तोंड मात्र कधी थांबलेलं पाहिलं नाही.

तोंडाला विषय एकच, दागिन्यांतली जनावरं. कोणी बाई पायातल्या मासोळ्या उजळायला घेऊन आली की तिची बस चुकलीच म्हणून समजा.

“बोटात मासाच काहून घालतेत, सांग बरं?” ते विचारायचे. बाईला कुठून माहीत असणार? “माशाले पिल्लं किती होतेत, मोजून होत नाही, पोरी. तसं घर भरलेलं राहावं म्हणून.”

दंडातल्या नागाच्या वाकीची गोष्ट याहून लांब. नाग कात टाकून नवा होतो, म्हणून दुखण्यातून उठलेल्या बाईनं ती घालावी म्हणे. यातलं खरं किती आणि त्यांच्या मनचं किती, देव जाणे. ऐकताना मात्र सगळं पटायचं.

एकदा एक पोरगी लग्नासाठी दिलाच्या आकाराचं लॉकेट मागायला आली. त्यांनी चष्मा वर केला. “दिल? थे कोणतं जनावर होय?” पोरगी सरळ समोरच्या मोठ्या दुकानात गेली.

“काकाजी, गिऱ्हाईक पळवलं न तुमी,” मी म्हटलं.

“जाऊ दे. मोर सांगतला असता तं रात्रभर बसून केला असता.”

माझी आई अड्याळला वारली. मागे तिचं एकच चांदीचं कडं राहिलं, दोन्ही टोकांना मकराची, म्हणजे सोंडवाल्या मगरीची तोंडं, एकमेकांकडे पाहणारी. धाकटी बहीण एकोडीला दिलेली. ती म्हणाली, कापून माझं अर्धं मला दे. मी काही कमी हट्टी नाही, म्हटलं चल, कापू. काकाजींसमोर एकाच बाकावर दोघी बसलो, तोंडं दोन दिशांना.

त्यांनी कडं फिरवून पाहिलं. “एक तोंड घासून गेलं. कायनं?”

“माह्या दातानं,” बहीण म्हणाली. “दात येत होते तवा आईच्या मांडीवर मी हेच चावे. आई सांगे.”

“तू नाही, मी चावे,” मी म्हटलं. “मलेही आईनंच सांगतलं.”

काकाजी हसले नाहीत. “पुराण्या मूर्त्या पाहा, त्याहीच्या हातातही मकर असेच, समोरासमोर. मधातल्या हाताची दोघं मिळून राखण करतेत. करवत लावली तं एकटं तोंड कोणाले राखणार?” त्यांनी कडं ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. “दोघी संगंच या, तवा पाहू.”

आता तुम्हीच सांगा, संगं जायचं म्हणजे आधी बोलणं आलं. मी फोन केला, कामापुरता. आम्ही गेलो की ते म्हणायचे, “अजून विचार करून राहिलो,” आणि चहा सांगायचे. दीड वर्ष हेच. भांडण तेच होतं, पण बहीण येताना घरच्या लाखोळीची डाळ आणायला लागली. मीही तिचे ब्लाऊज शिवून ठेवायला लागले. म्हाताऱ्याचा डाव आम्हाला तेव्हा कळला नाही, इतक्या आम्ही शहाण्या.

या हिवाळ्यात ते गेले. तेरवी झाल्यावर त्यांच्या मुलानं दोघींना बोलावून ड्रॉवर उघडला. आत दोन कडी होती. दुसरं त्यांनी स्वतः घडवलेलं, हुबेहूब आईच्या कड्यासारखं. एका तोंडाची सोंड कानस मारून तशीच झिजवलेली. फक्त त्या मकरांना डोळे नव्हते.

“मोतीबिंदू वाढला होता,” मुलगा म्हणाला. “डोळे कोराचे राह्यले. मी करतो म्हटलं तं हात लावू देला नाही.”

मी काही बोलायच्या आत बहिणीनं ते आंधळं कडं उचलून मनगटात चढवलं. “हे मले राहू दे, बाई. आईचं तू घाल.”

ज्याच्यासाठी दीड वर्ष भांडले, ते आईचं कडं आता माझ्या हातात आहे. आणि खरं सांगते, त्या दिवशी मलाही ते आंधळंच हवं होतं.