मामाचा सरकणारा खांब

माझ्या ताईला घरात सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो. ताई कुणाकडेही गेली की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करते आणि मग "कसे आहात" विचारते. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि ही एकटी दाराच्या चौकटीकडे.

हाच रोग तिने पोटापाण्याला लावला. ती जुन्या इमारतींचे फोटो काढते. एकेका भिंतीचे शेकडो, जरा जरा सरकत, आधीच्या फोटोतला बराचसा भाग पुढच्यात पुन्हा येईल असे. कॉम्प्युटर ते सगळे जुळवतो आणि अख्खी इमारत मोजून देतो: कमान किती बसली, खांब किती कलला. मधे माणसं आलेली तिला खपत नाहीत. "माणसं हलतात," असं ती नाक मुरडून म्हणते. लग्न न करण्याचं कारणही तिने आईला हेच दिलं होतं.

तिच्याकडे जुन्या दगडी बाजाराचं काम आलं आणि आमच्या घराची शांतता गेली. त्या बाजारात, एका खांबाला टेकून, आमच्या मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, मामा मावेल एवढं कपाट. मामी गेल्यापासून तो घरी फक्त झोपायला जातो. छताच्या वजनाने खांब बाहेर ढकलले जाताहेत अशी नगरपालिकेला शंका होती. ताईने एकदा उन्हाळ्यात आणि एकदा थंडीत मोजायचं, आणि खांब सरकत असतील तर बाजाराला कुलूप, दुकानं गावाबाहेरच्या नव्या इमारतीत.

"मी इथून हलणार नाही, सांगून ठेवतो," मामा म्हणाला.

"तुझं कोण विचारतंय? खांब हलतोय का ते बघायचंय," ताई म्हणाली.

तिने खांबांवर काळे-पांढरे चौकोन छापलेले जाड कागद चिकटवले. प्रत्येक कागदाचा मध्यबिंदू दोन्ही मोजण्यांत ताडून बघायचा. दगडाला डाग पडायला नको म्हणून गोंद अगदी नावापुरता. मामाच्या खांबावरचा कागद तिरका बसला, पण मध्यबिंदूशी मतलब असल्याने ताईने तो तसाच सोडला. जन्मात पहिल्यांदाच तिने काहीतरी तिरकं सोडून दिलं, आणि तेच तिच्या अंगाशी आलं.

थंडीतली मोजणी झाली. बाकीचे खांब जागच्या जागी. मामाचा खांब मात्र चक्क बोटभर सरकलेला.

ताईने ते तसंच लिहून दिलं. मग घरी जे काही झालं ते विचारू नका. आईने भांडी आपटली. "अगं, एक बोटच ना? आपल्या सख्ख्या मामासाठी एक बोट इकडचं तिकडे होत नाही?"

"आणि छत त्याच्या डोक्यावर आलं म्हणजे?" ताई ओरडली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही, हा तिचा लहानपणापासूनचा गैरसमज. मामाने तिच्याशी बोलणं टाकलं. ती समोरून आली की तो डोळ्याला भिंग लावून एखाद्या बंद घड्याळात तोंड खुपसायचा.

कुलूप लावण्याआधी नगरपालिकेच्या इंजिनिअरने आणखी एकदा मोजायला सांगितलं. या वेळी खांब वर सरकलेला निघाला.

"खांब वर जात नाहीत," ताई मला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "एकतर इमारत वाढतेय, नाहीतर मी बिनडोक आहे."

तिने तिन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी मोठे करून लावले आणि पहिल्यांदा कागदाऐवजी दगडाकडे बघितलं. दगडावर छिन्नीची एक जुनी खोच होती. ती बाकीच्या बाजाराच्या मानाने तिन्ही फोटोंत तिथेच. कागद मात्र आधी तिला चिकटून, मग जरा लांब, मग वर. खांब बिचारा उभा होता. कागद फिरत होता.

सकाळी बाजार उघडताना ती मला ओढतच तिकडे घेऊन गेली. मामा स्टुलावर चढला होता. एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून, दोन्ही हातांनी कागद सरळ करत होता.

"मामा! हे तू करतोस?"

रुसलो आहोत हे तो विसरला. "मग? उन्हाळ्यापासून करतोय. सारखा वाकडा होतो मेला. हा तुझा कागद आहे हे सगळ्या बाजाराला माहितीये. लोक म्हणतील, एवढी शिकली आणि एक कागद सरळ लावता येत नाही."

"अरे, पण माझ्यामुळे तुझं दुकान जाणार होतं! तू तर माझ्याशी बोलतही नव्हतास!"

"बोलत नव्हतो, ते आपल्यातलं," मामा स्टुलावरून उतरत म्हणाला. "म्हणून लोकांनी तुला नावं ठेवलेली चालतील होय मला?"

ताई त्याच स्टुलावर बसली आणि भर बाजारात, कुठलाही नळ न सोडता, भोकाड पसरून रडली. मामा घाबरून तिला हातातलंच फडकं देऊ लागला. त्याला घड्याळाच्या तेलाचा वास येत होता. तिने त्यातच नाक शिंकरलं.

मग तिने कागद बाद करून दगडांवरच्या खुणांवरून सगळं नव्याने मोजलं. खांब तसूभरही हललेला नव्हता. अहवालात तिने स्वतःची चूक स्वतःच्या नावाने लिहिली, इंजिनिअरने तिला चांगलंच धारेवर धरलं, आणि बाजार उघडा राहिला.

तरी दर वर्षी मोजत राहायचं असं ठरलं. ताईने मामाच्या खांबावर नवा कागद लावला आणि मुद्दाम, चांगला ठसठशीत तिरका लावला. "याला हात लावायचा नाही. शपथ घे."

मामाने शपथ घेतली. परवा मी सहज डोकावले, तर दुकानात सगळं उलटं. टेबल फिरवलेलं, दिवा फिरवलेला, आणि मामा गिऱ्हाइकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"असं का रे?" मी विचारलं.

"तिकडे तोंड केलं की तो वाकडा कागद दिसतो," मामा म्हणाला. "आणि मी तिला शब्द दिलाय."