लूमच्या भिंतीला लागून रेल्वे

माझी खोली एवढीशी. एक खाट, एक कपाट, आणि त्या दोघांच्या मध्ये मी अंग चोरून चालेन एवढी वाट. त्या खोलीत मी आगगाडी मांडायला घेतली तेव्हा वहिनी म्हणाली, "म्हणजे आता खाटेवर गाडी झोपणार आणि तुम्ही फलाटावर?" वहिनीचं तोंड असं. माझंही काही कमी नाही. मी म्हटलं, "चालेल की. शेजारी घोरणारं कोणी नसलं म्हणजे झालं." ह्यावर दादाला पोहे खाता खाता ठसका लागला.

मी शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही, अप्पा आणि आई गेल्यावर भिवंडीत टेमघरच्या ह्याच घरात दादा-वहिनीबरोबर राहिले. त्यामुळे पन्नाशीला आलेल्या बाईने खेळण्यातली गाडी आणली म्हटल्यावर गल्लीत जे बोलायचं ते बोलून झालं. "बिचारी, जीव रमवते झालं." बिचारी म्हणे! अहो, मला लहानपणापासून गाडी हवी होती. आमची भिवंडी ट्रकांची. स्टेशन आहे म्हणायला, पण ते एका बाजूला आणि गाड्या मोजक्याच. कल्याणला आत्याकडे गेलो की मी स्टेशनच्या पुलावर गाड्या बघत उभी राहायची, आणि आई दंडाला धरून ओढून न्यायची. तेव्हा हट्ट करायची सोय नव्हती. आता पगार माझा, खोली माझी. कोणाच्या बापाचं काय जातं?

तर सुताराकडून प्लायवूडची मोठी फळी करून घेतली. दादाने त्याच्या कारखान्यात मोडीत काढलेल्या लूमचं, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागाचं, लोखंड कापून तिला पाय लावून दिले. फळी निम्मी खाटेवरून जायची, त्यामुळे झोपताना पाय तिच्याखाली सरकवायचे. दादाच्याच कारखान्यातला खराब धागा हिरवा रंगवला, बारीक कातरला आणि गवत म्हणून चिकटवला. डोंगर मी वर्तमानपत्र भिजवून केला. वहिनी दारातूनच म्हणाली, "हा डोंगर आहे का पुरणाचा गोळा?" ती माहेरची पडघ्याची. तिकडून माहुलीचा डोंगर दिसतो, तो असा नसतो म्हणे. मग तीच पदर खोचून बसली आणि माझ्या गोळ्याला तिने सुळके काढले. छान झाला, खोटं कशाला बोलू.

सगळं मांडून झालं आणि गाडी सोडली. भिंतीजवळच्या वळणावर इंजिन कलंडलं. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. मी गणिताची बाई, मला वाटलं वळण चुकलंय. वळण मोठं केलं. सुताराची पाणसळ आणून फळी तपासली. रुळांचे सांधे घासले. गाडी आपली हटकून त्याच जागी पडायची. मग एके दिवशी ती न पडता धावत राहिली. मी आनंदाने दादा-वहिनीला बोलावून आणलं, शिरा केला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीला पुन्हा आडवी! मी इंजिनाला अशी शिवी दिली की वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "शाळेत हेच शिकवता का?"

कारण सापडलं ते चहामुळे. कप फळीवर ठेवला होता, आणि बघते तर चहावर बारीक बारीक वळ्या उठत होत्या. मागच्या भिंतीपलीकडे दादाचे लूम! ते दिवसभर चालतात आणि त्यांच्याबरोबर आमचं घर हलतं. गाडी धावली तो दिवस लूमच्या सुट्टीचा होता. आता हे कोणाही परक्या माणसाला दारातच कळलं असतं. आमच्याकडे पाहुणे आले की विचारतात, "हे काय वाजतंय?" आणि आम्ही विचारतो, "कुठं?" आम्ही त्या खडखडाटातच जन्मलो. बाहेरगावी गेलो की शांततेनं आम्हाला झोप येत नाही.

दादाला सांगितलं तर त्याची छाती फुगली. "मग! आपले लूम हायेत ते. तुझ्या गाडीसाठी बंद ठेवू का आता?"

"शुभ बोल रे नाऱ्या," वहिनी म्हणाली.

फळीच्या पायांखाली त्याने रबराचे तुकडे घातले. थोडा फरक पडला, पण गाडी पडायची ती पडायचीच. त्यानंतर त्याचा रोजचा नेमच झाला. कारखान्यातून यायचं, हातपाय धुवायचे आणि माझ्या दारात उभं राहून विचारायचं, "काय बाय, आज पडली का?" पडली म्हटलं की स्वारी खूश. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

हे लूम अप्पांनी शेलार गावातली थोडी जमीन विकून घातलेले. दादा कॉलेज सोडून त्यात शिरला आणि तिथलाच झाला. पण गेल्या काही वर्षांत दिवस फिरले. सूत महाग, कापडाला उठाव नाही, सणाला गावी गेलेले कारीगर परत आले नाहीत. दादाने एक लूम बंद ठेवला, मग त्याच्या शेजारचा. घरात तो काही बोलायचा नाही. त्याला एकच धास्ती होती, अप्पांनी उभं केलेलं आपल्या हातून बुडू नये. जेवताना त्याचं लक्ष भिंतीकडे असायचं. आणि मला गाडीवरून सगळं कळत होतं. एक लूम थांबला की गाडी जास्त फेऱ्या मारायची. जिच्यासाठी मी एवढा आटापिटा केला ती गाडी नीट धावायला लागली, आणि मला ती बघवेना.

तो विचारायचा, "आज पडली का?" मी म्हणायची, "पडली रे मेली, पहिल्याच वळणाला." तेवढ्याने त्याचा चेहरा उजळायचा. असं मी कितीतरी दिवस सांगितलं. वहिनीला ठाऊक होतं. एरवी माझा एक शब्द खाली पडू न देणारी बाई, पण ह्यावर ती चकार शब्द बोलली नाही.

एका दुपारी तो लवकर आला. मला पत्ताच नाही. गाडी माहुलीच्या डोंगराला वळसे घालत होती आणि हा दारात उभा. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे," तो म्हणाला. बराच वेळ बघत राहिला. "खोटं बोलत होतीस व्हय?"

"हो," मी म्हटलं. "बहीण आहे तुझी. बोलणारच."

तो हसला. मग म्हणाला, "भंगारवाल्याला होकार दिलाय. सोमवारी उचलतील."

सोमवारी मी शाळेला सुट्टी टाकली. एकेक लूम खोलून ट्रकमध्ये चढवला. दादा शेवटपर्यंत तिथेच उभा, "अरे आराम से, आराम से" म्हणत, जणू काही पुढे कोणी ते जपून चालवणार होतं. ट्रक गेला. घर असं गप्प झालं की वहिनीने उगाचच नळ सोडून ठेवला.

दादा माझ्या खोलीत आला आणि खाटेवर बसला. "लाव गाडी."

"नको रे आज."

"लाव म्हणतो ना."

लावली. गाडी फिरत राहिली, भिंतीजवळच्या वळणावरून अगदी सुतासारखी सरळ, पुन्हा आणि पुन्हा. इतकी देखणी ती कधीच धावली नव्हती. मला वाटलं, उचलून आपटावी. दादा मान खाली घालून बघत होता. मग त्याने फळीच्या पायाला गुडघा लावला आणि हलवायला लागला. आधी हळू, मग लूमच्या ठेक्यात. एवढ्या वर्षांचा ठेका, कसा चुकेल? फळी थरथरली, डोंगर थरथरला, आणि वळणावर इंजिन कलंडलं.

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गुडघा थांबत नव्हता. मी इंजिन उचललं, नीट रुळावर ठेवलं, आणि माझाही गुडघा फळीला लावला.